सुपरचार्जरयुक्त मोटार-इंजिनासाठी इंटरकूलरची निवड : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

जालना–मंठा मार्गावरील वाटूर परिसरात मे महिन्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. इंटरकूलर हवेने निवणारा असावा की पाण्याने, या प्रश्नाचा विचार अशा ठिकाणाहून करणे उद्बोधक ठरते. पाण्याचा प्रकार हा हवेच्या प्रकाराची पुढची पायरी होय, असा समज अभ्यासकांमध्येही आढळतो. इतिहास त्यास दुजोरा देत नाही.

४२ अंशांची हवा सुपरचार्जरने दीडपट दाबली, तर त्या यंत्राची कार्यक्षमता ६५ टक्के धरता ती सुमारे १०० अंशांपर्यंत तापते. ती ६० अंशांवर आणल्यास तिची घनता जवळजवळ १२ टक्क्यांनी वाढते. इंटरकूलरचे सारे प्रयोजन एवढेच. मात्र हवेने निवणारा इंटरकूलर बाहेरच्या तापमानाखाली कधीच जाऊ शकत नाही. पाण्याच्या प्रकारातही ती उष्णता अखेर बाहेरच्या हवेतच सोडावी लागते, हे सहसा विसरले जाते.

दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली सेवेत आलेल्या स्पिटफायर ९ या विमानाच्या मर्लिन इंजिनाने द्रवाचा मार्ग पत्करला. त्याच युद्धातील अमेरिकन थंडरबोल्ट विमानात हवेचा इंटरकूलर होता. त्याच्या विशाल धडात मोठ्या नळ्यांना जागा होती. म्हणजे दोन्ही प्रकार समकालीनच होत.

आपल्याकडील उदाहरण रेल्वेचे. १९६२ पासून भारतात आलेल्या डब्ल्यूडीएम-२ या २६०० अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनात टर्बोचार्जर होता व त्यातील हवा पाण्याने निववली जाई. टर्बोचार्जर निष्कास वायूवर चालतो, सुपरचार्जर इंजिनाच्याच फिरत्या दांड्यावर. तापलेल्या हवेचा प्रश्न मात्र एकच. रेल्वेत दाब अधिक असल्याने हवा पाण्याहून पुष्कळ उष्ण असते, म्हणून तेथे इंजिनाचे पाणीही कामी येते. मोटारीत ८५–९० अंशांच्या त्याच पाण्याने १०० अंशांची हवा कितीशी निवणार? त्यासाठी स्वतंत्र पंप, स्वतंत्र रेडिएटर आणि त्यांची देखभाल ओघानेच आली. टाटांच्या 'टीसीआयसी' मालवाहू वाहनांनी हवेचा इंटरकूलर स्वीकारला, यात नवल नाही.

मर्सिडीजचे उदाहरण विशेष बोलके आहे. एकाच दशकात या कंपनीने चार सिलिंडरांच्या 'कॉम्प्रेसर' मोटारींत हवेचा, तर २००२ च्या ई ५५ एएमजीच्या आठ सिलिंडरी इंजिनात पाण्याचा इंटरकूलर बसविला. दुसऱ्या इंजिनात सुपरचार्जर व्ही आकाराच्या खोबणीत असल्याने हवेचा मार्ग आखूड ठेवणे सोयीचे होते. निवड प्रगतीने नव्हे, जागेने ठरली.

वाटूरहून जालन्याकडे सलग धावणाऱ्या मोटारीस समोरून वारा अखंड मिळतो. तिला हवेचा प्रकार पुरेसा आहे, फक्त जाळीतील धूळ वेळोवेळी झाडावी लागेल. शहरातील कोंडीत थांबत-थांबत जाणाऱ्या मोटारीस पाण्याचा साठा काही मिनिटे सावरून घेतो. पण तो एकदा तापला की निवण्यासही तितकाच वेळ घेतो.