स्ट्रेचरवरचा रुग्ण कोणाचा?

मंडळी, वैद्यकातल्या प्रतिमांचा इतिहास सांगायला बसलं की तो हमखास यंत्रांचा इतिहास होतो. राँटगेन, मग हाउन्सफिल्ड, मग लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड. नोबेल पारितोषिकांची वर्षं सांगून झाली की व्याख्यान संपलं. आज आम्हाला हाच इतिहास स्ट्रेचरच्या बाजूने सांगायचा आहे. नाकात नळी, हाताला सलाईन, खाली लोंबणारी लघवीची पिशवी आणि तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, असा माणूस वॉर्डातून यंत्रापर्यंत कसा जातो, आणि त्या वाटेवर तो कोणाचा असतो? आम्ही डॉक्टर नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण ‘कोणाचा’ हा प्रश्न आमच्या प्रांतातला आहे, म्हणून हे धाडस.

सुरुवात 1895 पासून करू, पण थोडक्यात. 8 नोव्हेंबरला वुर्झबुर्गला राँटगेनला ते अज्ञात किरण सापडले, आणि 22 डिसेंबरला त्याने आपल्या पत्नीच्या हाताचं छायाचित्र घेतलं. ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. बोटांची हाडं दिसतात आणि एका बोटात अंगठी. जगातल्या त्या पहिल्या प्रसिद्ध क्ष-किरण चित्रात हाडांइतकीच ठळक दिसते ती अंगावर घातलेली वस्तू, हे ध्यानात ठेवा. दुसरी गोष्ट अशी की ती बाई धडधाकट होती. हात ठेवून सुमारे 15 मिनिटं निश्चल बसू शकत होती. धाप लागलेल्या माणसाला हे कसं जमावं?

मग पहिलं महायुद्ध आलं आणि प्रश्न उलटा झाला. जखमी शिपायाला हलवणं म्हणजे त्याला मारणं. तेव्हा मारी क्युरीने 1914 मध्ये यंत्रच गाडीत घातलं. मोटारीच्या इंजिनावर डायनॅमो चालवायचा, त्यावर क्ष-किरण नळी, आणि गाडी आघाडीजवळच्या इस्पितळात न्यायची. या गाड्यांना शिपाई ‘छोट्या क्युरी’ म्हणत. तिची मुलगी इरेन तेव्हा 17 वर्षांची, तीही पुढे या कामात उतरली. यंत्राने रुग्णाकडे जायचं, हा धडा तेव्हाच गिरवला गेला होता. आज अतिदक्षता विभागात खाटेशी ढकलत आणतात ते पोर्टेबल यंत्र याच घराण्यातलं.

आता आम्हाला ज्याच्याकडे यायचं होतं तो माणूस. वेर्नर फोर्समान. बर्लिनजवळ एबर्सवाल्डे नावाच्या गावातल्या इस्पितळात 1929 साली तो शिकाऊ डॉक्टर होता, वय 25 च्या आसपास. शिरेतून नळी सरकवत थेट हृदयात नेता येईल आणि औषध तिथेच देता येईल, असं त्याच्या मनाने घेतलं. वरिष्ठांनी साफ नकार दिला. रुग्णावर नाही आणि स्वतःवरही नाही. निर्जंतुक उपकरणांच्या किल्ल्या गेर्डा डिट्झेन या परिचारिकेकडे. फोर्समानने पुढे सांगितलेली हकिकत अशी: तो तिचं मन वळवत राहिला, शेवटी ती म्हणाली, प्रयोग माझ्यावर करा. त्याने तिला टेबलावर बांधलं, तिच्या हाताला औषध लावत असल्याचं नाटक केलं, आणि तिची पाठ वळली असताना आपल्याच डाव्या कोपराची शीर उघडून मूत्रमार्गासाठी वापरायची बारीक नळी आत सरकवली. 65 सेंटिमीटर.

इथवरची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. आम्हाला रस आहे तो पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत. नळी हृदयात पोचली हे सिद्ध कसं करायचं? चित्र हवं. आणि क्ष-किरणाची खोली शस्त्रक्रियेच्या खोलीशेजारी नव्हती. हा गृहस्थ, दंडातून गेलेली नळी तशीच ठेवून, जिने ओलांडत, चालत त्या खोलीपर्यंत गेला. समोर आरसा धरला, पडद्यावर पाहत नळी आणखी पुढे सरकवली, आणि टोक उजव्या अलिंदात दिसल्यावर चित्र घेतलं. त्याच वर्षी छापलेल्या शोधनिबंधात त्याने मुद्दाम नोंद केली आहे की एवढं अंतर चालताना, जिने चढताना-उतरताना आपल्याला त्रास जाणवला नाही.

हृदयात नळी घेऊन प्रतिमेच्या खोलीपर्यंत केलेल्या प्रवासाची ही नोंद आहे, आणि ती करणारा एकाच वेळी रुग्ण, डॉक्टर, हमाल आणि साक्षीदार आहे. ‘या वाटेवर रुग्ण कोणाचा?’ या प्रश्नाला एवढं स्वच्छ उत्तर पुन्हा कधी मिळालं नाही. तो स्वतःचाच होता! बर्लिनच्या मोठ्या इस्पितळात त्याचं कौतुक झालं नाही, उलट तिथून त्याला जावं लागलं. पुढे तो नाझी पक्षात गेला, हेही सांगितलं पाहिजे. शूर माणूस सर्वच बाबतींत शहाणा असतो असं नाही. न्यूयॉर्कमध्ये कूर्नान आणि रिचर्ड्स यांनी ही वाट रुळवली आणि 1956 चं नोबेल तिघांत वाटलं गेलं.

फोर्समान चालू शकत होता. चालू न शकणारा, श्वासही स्वतःचा नसलेला रुग्ण इतिहासात ठळकपणे येतो तो 1952 मध्ये, कोपनहेगनला. पोलिओची भयंकर साथ. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुलं दाखल होताहेत आणि यंत्रं मूठभर. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेनने ऑगस्टमध्ये एका 12 वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवली आणि रबरी पिशवी हाताने दाबत तिला श्वास दिला. मुलगी वाचली. मग वैद्यकीचे सुमारे 1500 विद्यार्थी पाळ्या लावून महिनोन्‌महिने पिशव्या दाबत बसले. अतिदक्षता विभागाचा जन्म इथला म्हणतात. ‘आपोआप फुगणारी’ अँबू बॅगही त्याच दशकात डेन्मार्कमध्येच रूबेन आणि हेस यांनी घडवली.

याचा अर्थ काय झाला बघा. रुग्ण आता एकटा उरला नाही. एक नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला एक माणसाचा हात, असं मिळून एक शरीर झालं. त्याला हलवायचं तर हातासकट हलवायला हवं. नेमक्या याच काळानंतर यंत्रं मात्र अवाढव्य होत गेली. ऑक्टोबर 1971 मध्ये लंडनजवळच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली इस्पितळात हाउन्सफिल्डच्या सीटी यंत्रात पहिल्या रुग्णाचं डोकं तपासलं गेलं, सत्तरीच्या दशकाअखेर एमआरआय येऊ लागला. ही यंत्रं गाडीत घालून खाटेशी नेण्याजोगी नव्हती. पुन्हा रुग्णानेच जायचं. सर्वांत आजारी माणसाने सर्वांत लांब जायचं.

आता त्या वाटेवरचं थोडं तपशिलात पाहू, कारण इथे तत्त्वज्ञानापेक्षा अंकगणित कामाला येतं. आपल्याकडे ऑक्सिजनचा सिलिंडर अंगाने काळा आणि खांद्याला पांढरा असतो. ट्रॉलीबरोबर नेतात त्यातल्या एखाद्यात 10 लिटर पाणी मावेल एवढी जागा धरा. दाब 150 असेल तर आत साधारण 1500 लिटर वायू. काटा अर्ध्यावर असेल तर 750. रुग्णाला मिनिटाला 10 लिटर लागत असेल तर सव्वा तास, 15 लागत असेल तर 50 मिनिटं. आता वॉर्डातून निघणं, लिफ्टची वाट, तपासणीच्या खोलीबाहेर रांग, तपासणी, परत लिफ्ट. हा हिशेब निघण्यापूर्वी करायचा असतो. लिफ्टमध्ये करून उपयोग नाही.

नळ्यांचंही तसंच. छातीत घातलेल्या नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्याखाली बुडालेलं असतं, म्हणजे छातीतली हवा बाहेर येते आणि बाहेरची आत जात नाही. साधी पण अफलातून युक्ती. ही बाटली छातीपेक्षा वर उचलली की पाणी उलटं छातीकडे जाऊ शकतं. सांडू नये म्हणून कोणी नळीला चिमटा लावला तर हवा आत कोंडते आणि फुप्फुस दाबलं जातं. लघवीची पिशवी रुग्णाच्या पोटावर ठेवून ट्रॉली ढकलणारे आपण सर्वांनी पाहिलेत. तीही मूत्राशयाच्या खालीच हवी. आणि सीटीचं टेबल नुसतं उभं नसतं, ते बोगद्यात सरकतं. सलाईनचा स्टँड जागेवर, टेबल पुढे, मधली नळी तोकडी. मग शिरेतली सुई निघणार नाही तर काय! अनुभवी तंत्रज्ञ चित्र घेण्याआधी टेबल एकदा नुसतंच आत-बाहेर करून बघतो. छातीच्या तपासणीला हात डोक्यावर घ्यायला लावतात, तेव्हा कुठली नळी ताणते आहे तेही तो पाहतो. हे शहाणपण यंत्राच्या जाहिरातीत नसतं.

एमआरआयची गोष्ट याहून निराळी, कारण तिथे खोलीच धोकादायक आहे. त्यातलं चुंबक अतिवाहक असतं, द्रव हेलियमने गार ठेवलेलं. तपासणी चालू नसली, रात्र असली, वीज गेली, तरी चुंबक चालूच. दीड टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण 30,000 पट. लोखंडी सिलिंडर तिथे वस्तू राहत नाही, गोळा होतो. 27 जुलै 2001 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टचेस्टर इथे 6 वर्षांच्या मुलाची एमआरआय चालू होती. खोलीतला नळाचा ऑक्सिजन नीट मिळेना, म्हणून धावपळीत बाहेरचा सिलिंडर आत आला आणि उडून त्याच्या डोक्याला लागला. दोन दिवसांनी मूल गेलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या क्ष-किरणतज्ज्ञांच्या संस्थेने नियमावली काढली आणि एमआरआय विभागाचे चार टप्पे ठरवले. शेवटच्या दोन टप्प्यांत प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीशिवाय कोणी जायचं नाही.

27 जानेवारी 2018. मुंबईचं नायर रुग्णालय. आजारी नातेवाइकाबरोबर आलेला 32 वर्षांचा तरुण ऑक्सिजनचा सिलिंडर हातात घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. चुंबकाने सिलिंडर खेचला, त्याच्यासकट. तो वाचला नाही. यंत्र बंद आहे असं आम्हाला सांगण्यात आलं होतं, असं नातेवाइकांचं म्हणणं होतं. गुन्हा नोंदला गेला, अटका झाल्या.

आम्हाला इथे नैयायिकांची आठवण होते. घट होण्याला कुंभार निमित्तकारण, हे आपण शाळकरी उदाहरण म्हणून सांगतो. पण नैयायिक त्याच्या पुढे गेले. अग्नी जाळतो, पण विशिष्ट मणी जवळ असला तर जाळत नाही, अशी कल्पना करून ते म्हणाले की दाहाला केवळ अग्नी पुरेसा नाही. प्रतिबंधकाचा अभाव हेही कारण मानलं पाहिजे. अडवणारं काही नसणं, हे कारण! नायरच्या प्रसंगात सिलिंडर कोणाच्या हाती होता हे सर्वांना दिसतं. दाराशी अडवणारं कोणी नव्हतं, हे दिसत नाही, कारण ‘नसणं’ कॅमेऱ्यात येत नाही. चौकशी नेहमी हात शोधते.

आणि तो हात नातेवाइकाचा का होता? आपल्या मोठ्या सरकारी इस्पितळांतला कुठलाही व्हरांडा आठवा. सलाईनची बाटली वर धरून ट्रॉलीबरोबर चालणारा मुलगा, पुढून ट्रॉली ओढणारा भाऊ, फाईल आणि चपला सांभाळणारी बायको. हे प्रेम आहे यात शंका नाही. पण ही पाळीवरची नेमणूकही आहे, बिनपगारी आणि बिनशिक्षणाची. कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांना पिशवी किती जोराने दाबायची हे शिकवलं होतं. आपल्या या मुलाला बाटली खाली केली की रक्त नळीत उलटं चढतं, हे ते चढल्यावरच कळतं. वॉर्ड म्हणतो, रुग्ण खाली पाठवला. खालचे म्हणतात, अजून आमच्याकडे आला नाही. मधल्या जिन्यात तो कोणाच्या वहीत असतो?

काही ठिकाणी याला उत्तर म्हणून एक साधी रीत पाळतात. वॉर्डातली परिचारिका नळ्या मोजून, श्वासनळी दातांशी कितव्या आकड्यावर आहे ते लिहून रुग्ण सोपवते, आणि यंत्राकडचा माणूस पुन्हा मोजून सही करतो, परतताना उलट. बँकेत रोकड मोजून घेतात तशी. आम्हाला ही उपमा थोडी खटकते, पण रोकडीच्या बाबतीत आपण जास्त काळजी घेत आलो हे खरंच आहे.

चिठ्ठीवर एक प्रश्न आला आहे: घरच्यांनी मग हातच लावायचा नाही का? लावा, पण आधी विचारा. एमआरआयला नेत असतील तर खिशातली नाणी-किल्ल्यांपासून व्हीलचेअरपर्यंत सगळं दाराबाहेर, आणि बरोबरचा सिलिंडर अ‍ॅल्युमिनियमचा आहे का हे तिथल्या तंत्रज्ञाला विचारायचं, वॉर्डबॉयला नव्हे. नाकातून पोटात नवी नळी घातली असेल तर ती पोटातच आहे हे तपासल्याखेरीज त्यातून दूध जाऊ द्यायचं नाही. आधी नळीतून ओढलेल्या द्रवाची आम्लता बघतात, ते जमलं नाही तर एक्स-रे. त्यासाठीच त्या नळीवर क्ष-किरणात उठून दिसणारी रेघ असते. राँटगेनबाईंच्या अंगठीसारखी. आणि लघवीची पिशवी ट्रॉलीच्या खालच्या दांडीला अडकवा, पण ट्रॉली भिंतीला घासते त्या बाजूला नको.

पुढच्या व्याख्यानात भुलीचा इतिहास घेऊ.