गदक्यापासून फोमच्या गोळीपर्यंत : लुटुपुटीच्या लढाईचे शस्त्र

#थ्रेड

दिग्रसला घंटीबाबांची यात्रा भरो वा वणीला रंगनाथस्वामींची जत्रा, यवतमाळ जिल्ह्यातील पोरांचे पाय खेळण्यांच्या दुकानांपाशी हमखास अडखळतात. टिकल्या फोडणारे पिस्तूल ही तिथली जुनी ओळख. आता फोमच्या गोळ्या, म्हणजेच डार्ट, फेकणारे रंगीत ब्लास्टरही पोरांच्या हाती आले आहेत. मित्रामित्रांच्या लुटुपुटीच्या लढाईसाठी त्यांतले कोणते घ्यावे, हा प्रश्न वरवर बाजारहाटाचा वाटतो. प्रत्यक्षात तो बराच जुना आहे. मित्रावर चालवायचे शस्त्र किती मऊ असावे, आणि त्याचा मऊपणा राखायचा कोणी?

महाराष्ट्रातील आखाड्यांनी या प्रश्नाचे एक उत्तर फार पूर्वीच शोधले होते. ढाल-तलवारीचा सराव खऱ्या पात्याने करणे परवडणारे नव्हते. म्हणून तलवारीच्या जागी चामड्याने वा कापडाने मढवलेली काठी आली, तो गदका. आणि ढालीच्या जागी हातात मावणारी लहान गोल ढाल आली, ती फरी. पंजाबातील ‘गतका’ याच घराण्यातला शब्द. येथे एक बारीक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. नंग्या पात्याने सराव करणाऱ्याला प्रत्येक वार हात राखून करावा लागतो. गदका मढवलेला असतो, म्हणूनच त्याने मोकळेपणी वार करता येतो. शस्त्राचा दुबळेपणा हा खेळातील उणेपणा नसून खेळाची परवानगीच होता.

हा खेळ विदर्भातही नांदला. यवतमाळपासून सुमारे ९० किलोमीटरवरील अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये जे व्यायामकार्य उभे केले, तेच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून नावारूपास आले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगापुढे सादर केली. त्याच सुमारास बडोद्याहून निघू लागलेल्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’ने देशी शस्त्रखेळांची पद्धतशीर नोंद केली. आखाड्यात मात्र खरा कायदा पुस्तकात नव्हता, तो वस्तादाच्या डोळ्यांत होता. दोघांचे गदके सारखे आहेत की नाहीत, हे पाहणारा तिसरा माणूस तेथे उभा असे.

असा तिसरा माणूस नसला, किंवा त्याचे कोणी ऐकले नाही, तर काय होते? अमरावती जिल्ह्यातील वरूडची वेस ओलांडली की मध्य प्रदेशातील मराठीभाषक पांढुर्णा लागते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भातील मुले लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा साजरा करतात. त्याच दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून वाहणाऱ्या जाम नदीत पळसाचे झाड रोवले जाते, त्यावर निशाण लावले जाते, आणि दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव सुरू होतो. हीच गोटमार. पांढुर्ण्याचा तरुण आणि सावरगावची मुलगी यांच्या पलायनाची लोककथा तिच्यामागे सांगितली जाते. ज्यांच्यावर दगड पडतात ते शत्रू नव्हेत, शेजारीच. तरीही दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात आणि कैकांनी आजवर प्राणही गमावले आहेत. प्रशासनाने दगडांच्या जागी रबरी चेंडू देऊन पाहिले. चेंडू बाजूला पडले, दगड परतले. मऊ शस्त्र बाहेरून लादता येत नाही. दोन्ही काठांनी ते पत्करावे लागते.

गंमत अशी की फोमच्या खेळण्यांचा इतिहासही दगडांपासूनच सुरू होतो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात रेन गायर हा खेळण्यांचा रचनाकार १९६९ च्या सुमारास गुहामानवांवर आधारित एक खेळ तयार करीत होता. त्यात खेळाडूंनी एकमेकांवर दगड फेकायचे होते. घरातल्या मुलांनी फेकायचे म्हणून ते दगड फोमचे केले. खेळापेक्षा दगडच अधिक मजेचे ठरले, त्यांना गोल आकार मिळाला, आणि १९७० मध्ये पार्कर ब्रदर्सने ‘नर्फ’ नावाचा फोमचा चेंडू बाजारात आणला. घरात फेकला तरी काच फुटत नाही, ही त्याची मोठी जाहिरात. पुढे १९८९ मध्ये फोमचे चेंडू उडवणारे खेळणे आले आणि १९९२ मध्ये डार्ट उडवणारे. तोवर नर्फ हॅस्ब्रो या कंपनीकडे गेले होते.

साध्या ब्लास्टरची रचना सोपी आहे. दांडा मागे ओढला की दट्ट्या स्प्रिंग दाबून धरतो. घोडा ओढला की तो सुटतो, नळकांड्यातील हवा दाबली जाते आणि त्या हवेच्या धक्क्याने डार्ट बाहेर पडतो. बस्तरच्या लोकांना हे तत्त्व नवे नाही. गडचिरोलीपलीकडच्या जगदलपुरात रथयात्रेच्या गोंचा उत्सवात बांबूच्या ‘तुपकी’तून मालकांगोणीची हिरवी फळे एकमेकांवर उडवतात, तिथेही काम करते ती दाबलेली हवाच. फळ किती वेगाने जावे, हे तिथे हाताच्या जोरावर ठरते. कारखान्यातील ब्लास्टरमध्ये ते स्प्रिंगने ठरवून दिलेले असते.

नेमकी हीच मर्यादा मोडण्याची हौस जगभर वाढली. मूळची स्प्रिंग काढून कडक स्प्रिंग बसवायची, आतील हवेची अडवणूक काढून टाकायची, डार्टच्या टोकाला वजन द्यायचे. कौशल्य म्हणून त्याचे कौतुक करता येईल. मैत्रीच्या लढाईत मात्र तो चामड्याखाली लोखंड लपवलेला गदका होय. लंडनच्या मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयातील डॉक्टरांनी २०१७ मध्ये अशा खेळण्यांच्या गोळ्यांनी डोळ्यात रक्तस्राव झालेल्या तिघांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांत ११ वर्षांचा एक मुलगाही होता. इतर उत्पादकांच्या स्वस्त डार्टांची टोके अधिक कडक असतात, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. म्हणजे फेरफार न केलेला ब्लास्टरही डोळ्याला निरुपद्रवी नाही. चष्मा हवाच, आणि नेम छातीच्या वर नको.

भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. या चिन्हामागील मानकात खेळण्यातून सुटणाऱ्या गोळीच्या ऊर्जेवरही मर्यादा घातलेली आहे. ती चाचणी होते ती खोक्यातून निघालेल्या खेळण्याची. स्प्रिंग बदलली की खोक्यावरचे चिन्ह कोऱ्या कागदाइतकेच बोलते. खरेदी करताना पहिली नजर तिथेच जावी. दुसरी नजर दांड्यावर: गटातील सर्वांत लहान खेळाडूला तो ओढता आला पाहिजे, नाहीतर लढाई एकतर्फी होते. दोन्ही बाजूंनी एकाच प्रतीची खेळणी घ्यावीत. एकाकडे बॅटरीवर धडाधड चालणारे आणि दुसऱ्याकडे एकेरी, अशी जोडी जमत नाही. अंगणातल्या लढाईला हाताने ओढायचे साधे ब्लास्टर पुरेसे. त्याचा भडक रंगही तसाच राहू द्यावा. अमेरिकेने १९८८ मध्ये खेळण्यातल्या बंदुकांच्या नळीला नारिंगी टोक बंधनकारक केले, ते पोलिसांना खरी बंदूक आणि खोटी बंदूक दुरून ओळखता यावी म्हणून.

आणि वस्तादाचे काम कोणीतरी अंगावर घ्यावेच लागते. डाव मांडण्यापूर्वी सगळे डार्ट एका टोपलीत गोळा करावेत, एकेकाचे टोक बोटाने दाबून पाहावे, आणि कडक झालेले किंवा डोके सैल झालेले बाजूला काढावेत.