पेंढ्या कोणी बांधल्या?

लंडनच्या नॅशनल गॅलरीत टॉमस गेन्सबरो या चित्रकाराचे ‘मिस्टर अँड मिसेस अँड्र्यूज’ हे चित्र आहे. काढले साधारण १७५० साली. डावीकडे ओकचे झाड, त्याखाली नुकतेच लग्न झालेले जोडपे. ती बाकावर बसलेली, तो बगलेत बंदूक धरून रेलून उभा, पायाशी कुत्रा. उजवीकडे नुसते शेतच शेत. भरून आलेले आभाळ, लांबवर मेंढ्या आणि कापलेल्या धान्याच्या पेंढ्या. मला हे चित्र फार आवडते. छापील प्रत पाहिली तरी अंगाला तिथली हवा लागते.

पण श्रोतेहो, या पेंढ्या बांधल्या कोणी? ऐन कापणीचा हंगाम आणि शेतात चिटपाखरू नाही! त्या ओळी पाहा, पाभरीने पेरल्यासारख्या सरळ. आपल्याकडे पाभर जुनीच. इंग्लंडात यंत्राने पेरणे ही तेव्हा नवलाई होती. अँड्र्यूजसाहेब सुधारलेले जमीनदार आहेत, हे त्या ओळी सांगतात. बंदूकही उगाच नाही. १६७१ च्या कायद्याने शिकारीचा हक्क मोठ्या जमीनवाल्यांपुरताच ठेवला होता. गरिबाने ससा मारला की तो चोर.

त्याच काळात पार्लमेंटचे कायदे करून गावोगावची गायराने आणि सामाईक शेते कुंपणात घातली जात होती. १७५० नंतरच्या शंभर वर्षांत असे सुमारे चार हजार कायदे झाले. गायरानावर एक गाय पोसून ज्याचे भागत होते, तो निव्वळ मजूर झाला. १९७२ मध्ये जॉन बर्जर यांनी बीबीसीवर सांगितले की, हे जोडपे निसर्गात रमलेले नाही, आपल्या मालकीच्या जमिनीवर बसले आहे. काही कलासमीक्षकांना ते रुचले नाही. मला, चित्र आवडत असूनही, बर्जर यांचेच पटते.

चित्रात न दिसलेला मजूर पुढे कवितेत बोलला. जॉन क्लेअर हा नॉर्दम्प्टनशायरमधल्या हेल्पस्टनचा शेतमजूर. १८०९ च्या कायद्याने त्याच्या गावची मोकळी राने बंदिस्त झाली. १८२० साली त्याचा पहिला संग्रह निघाला आणि हातोहात खपला. लंडनकरांना त्यातली पाखरे, रानफुले भावली. पण संपत्तीला शाप देणाऱ्या ओळीही त्यात होत्या. लॉर्ड रॅडस्टॉक या त्याच्या आश्रयदात्याने त्या काढण्याचा आग्रह धरला. नंतरच्या आवृत्तीतून त्या गेल्या. रानफुले तेवढी राहिली.