हजीरा ते खैरागड

'हजीरा' हा शब्द मूळचा अरबी. कुंपण, आवार असा त्याचा अर्थ. पुढे कबरीभोवतीच्या आवाराला आणि मग कबरीलाच तो चिकटला. ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी, जुन्या शहरात, याच नावाची वस्ती आहे. शिंद्यांची मराठी छावणी म्हणजे लष्कर किल्ल्याच्या दुसऱ्या अंगाला. हजीरा ही त्याहून कितीतरी जुनी जागा. तेथे सूफी संत महंमद गौस यांचा भव्य मकबरा आहे. त्याची दगडी जाळी पाहताना मान दुखते, पण डोळे हटत नाहीत. त्याच आवारात एका साध्या, बुटक्या चौथऱ्यावर तानसेनाची कबर आहे. शेजारी चिंचेचे झाड. त्याची पाने चावली की गळा गोड होतो असे गवई पिढ्यान्‌पिढ्या मानत आले.

दर वर्षी डिसेंबरच्या सुमारास या परिसरात तानसेन समारोह भरतो. अशा समारोहांच्या पत्रिका वाचण्याचा मला छंद आहे. (सरकारी कारकुनाला छापील कागद दिसला की तो वाचल्याशिवाय राहवत नाही.) कलाकारांच्या परिचयात घराणे असते, गुरूचे नाव असते आणि त्याच्या जोडीला आता एम. ए., पीएच. डी. असते. कोणी कुठल्या विद्यापीठात प्राध्यापक, कोणी विभागप्रमुख. तानसेनाच्या उशाशी बसून पदव्या मोजायच्या, ही गंमतच. पण गाणे विद्यापीठात गेले कसे आणि ते नेताना कोण आत आले, कोण बाहेर राहिले, याचा माग काढू लागलो, तर तो ग्वाल्हेरमधूनच निघतो आणि एका मराठी माणसापाशी येऊन थांबतो. त्यांचे नाव श्रीकृष्ण नारायण रातंजनकर.

आधी दार बंद होते तेव्हाचे चित्र पाहू. आमच्या गोव्याच्या वेशीवरच्या सावंतवाडी संस्थानातले रामकृष्णबुवा वझे गाणे शिकायला ग्वाल्हेरला गेले, ते अक्षरशः उपाशीतापाशी. निसार हुसेन खाँसाहेबांची सेवा करून त्यांनी विद्या मिळवली. त्यांच्या आधी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरही असेच वणवण करत ग्वाल्हेरला पोचले होते. शिकवणे न शिकवणे ही उस्तादाची मर्जी. खुद्द निसार हुसेन खाँ नंतर शंकरराव पंडितांच्या घरी राहिले, ब्राह्मणाच्या घरात मुसलमान उस्ताद. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती. तेव्हा जुनी पद्धत सगळीच अनुदार होती असे म्हणता येत नाही. पण ती मर्जीवर चालत होती, एवढे खरे. आमच्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांनी अल्लादिया खाँसाहेबांची तालीम मिळवण्यासाठी काय सोसले, हे गोव्यात कोणाला सांगायला नको.

या मर्जीला पर्याय शोधला विष्णु नारायण भातखंडे यांनी. वाळकेश्वरला १८६० साली जन्मलेले, पेशाने वकील. वकिलासारखेच त्यांनी काम केले. गावोगाव फिरून उस्तादांकडून चिजा गोळा केल्या, त्यांचे स्वरलेखन केले, रागांची दहा थाटांत मांडणी केली आणि 'क्रमिक पुस्तकमालिका' छापली. १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. माधवराव शिंद्यांनी त्यांना ग्वाल्हेरला बोलावले आणि १९१८ साली लष्करात माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. ज्या शहरात वझेबुवा भिक्षेवर दिवस काढत होते, त्याच शहरात आता वर्ग, वेळापत्रक, फळा आणि परीक्षा आल्या. या महाविद्यालयाची धुरा पुढे सांभाळली राजाभैया पूछवाले यांनी. ते शंकर पंडितांचे शिष्य, म्हणजे अस्सल ग्वाल्हेर घराण्याचे. तरी त्यांनी भातखंड्यांची लिपी आत्मसात केली. घराण्याचा माणूस शाळेत गेला म्हणून शाळेला गळा मिळाला, असे माझे मत आहे. एरवी नुसत्या वह्या उरल्या असत्या.

आता रातंजनकर. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस जन्म. वडील पोलीस खात्यात नोकरीला आणि संगीताचे वेडे. पोरवयातच मुलगा भातखंड्यांच्या हाती पडला. त्यांनी त्याला बडोद्याला फैयाज खाँसाहेबांकडे पाठवले. म्हणजे एका गुरूने शास्त्र दिले आणि स्वतःहून दुसऱ्या गुरूकडे गळा घडवायला धाडले. हे औदार्य मला भातखंड्यांच्या सगळ्या ग्रंथांहून मोठे वाटते. रातंजनकर १९२६ साली बी. ए. झाले. त्याच वर्षी लखनौला मॅरिस कॉलेज सुरू झाले. राय उमानाथ बली आणि संयुक्त प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांच्या प्रयत्नातून ते निघाले आणि नाव दिले गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचे. तेथे रातंजनकर शिकवू लागले आणि १९२८ पासून प्राचार्य झाले. ऐन तिशीच्या आत मिळालेली ही जबाबदारी त्यांनी जवळजवळ तीन दशके वाहिली, आणि तीही पैशाची कायमची चणचण असताना.

प्राचार्य म्हणजे हजेरीपट आणि अनुदानाचे अर्ज, असे आपल्याला वाटते. ते तर होतेच. पण रातंजनकरांनी दोन पाळ्यांत काम केले. दिवसा कॉलेज, जेथे फी भरून कोणीही यावे: वकिलाचा मुलगा, मास्तरांची मुलगी, ज्याला घराणे नाही असा कोणीही. वर्गात चाळीस मिनिटांत जेवढे देता येते तेवढे द्यायचे. आणि सकाळ-संध्याकाळ घरी गुरुकुल. बेळगाव जिल्ह्यातल्या बैलहोंगलचा कृष्णा गिंडे अकरा वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर लखनौला गेला आणि घरचाच झाला. हेच पुढचे पंडित के. जी. गिंडे. एस. सी. आर. भट, दिनकर कायकिणी, चिदानंद नगरकर हेही याच तालमीतले. आमच्या कोकण-कारवारच्या पट्ट्यातली मुले लखनौला जाऊन हिंदुस्थानी रागविद्येची भांडारे झाली. त्यात त्या घरच्या तांब्याभर पाण्याचा आणि पानावरच्या भाताचा वाटा वर्गाइतकाच होता.

'कॉलेजातून गवई तयार होत नाहीत' हा टोमणा तेव्हाही होता, आजही आहे. रातंजनकरांना तो चांगला ठाऊक असणार. उत्तर त्यांच्या विद्यार्थ्यांनी दिले, आणि ते एकसुरी नाही. वाईचे व्ही. जी. जोग व्हायोलिन घेऊन मोठे झाले. चित्रपटसंगीतातले रोशन याच कॉलेजचे विद्यार्थी, आणि तलत महमूदही. श्रीलंकेहून आलेले डब्ल्यू. डी. अमरदेव तेथे जोगांकडे शिकले आणि परत जाऊन सिंहली संगीताचे जणू शिल्पकार ठरले. कोणी मैफल गाजवली, कोणी सिनेमा, कोणी शिकवत राहिला. पुष्कळसे नुसते चांगले श्रोते झाले असतील. माझ्या मते तेही यशच. भातखंड्यांची धडपड होती ती सुशिक्षित समाजाला गाणे कळावे म्हणून. सगळ्यांनीच बैठक मारावी, असा त्यांचा हट्ट नव्हता.

या सगळ्यांत मला सुमती मुटाटकर यांचे नाव विशेष महत्त्वाचे वाटते, कारण त्या या वाटेवरचे सगळे मुक्काम जोडतात. जन्म १९१६ चा, बालाघाटचा. पहिली तालीम ग्वाल्हेरच्या राजाभैयांकडे, पुढची लखनौला रातंजनकरांकडे. नंतर आकाशवाणीत अधिकारपद आणि मग दिल्ली विद्यापीठाच्या संगीत विभागाचे प्रमुखपद. एका मराठी घरातली बाई ख्याल शिकते, संगीतातली सर्वोच्च पदवी मिळवते आणि विद्यापीठाचा विभाग चालवते. मुटाटकरांच्या आईच्या पिढीला हे स्वप्नातही दिसले नसते. २००७ साली त्या गेल्या.

पण येथेच मला अडखळायला होते. मॅरिस कॉलेज पुढे ज्या इमारतीत स्थिरावले ती कैसरबागेतली परीखाना. वाजिद अली शहाच्या काळात नाचगाणे शिकणाऱ्या स्त्रियांची ती जागा. त्याच वास्तूत भल्या घरच्या मुलींसाठी वर्ग निघाले, आणि ज्यांनी ठुमरी-ख्याल शतकभर जिवंत ठेवला त्या गाणाऱ्या बायकांना मात्र 'सभ्य' समाज दूर लोटत होता. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर रेडिओवरूनही त्यांना वगळण्याचे धोरण आले. ज्यांचे खाजगी आयुष्य 'बदनाम' त्यांना प्रवेश नाही, असे ते धोरण. आम्हा गोवेकरांना हे वाचताना चटका बसतो. कलावंतांच्या घरांतूनच तर आपले गाणे आले. दार सगळ्यांना उघडे झाले म्हणताना, आधीपासून घरात बसलेल्यांना कोणत्या दाराने बाहेर काढले, तेही विचारले पाहिजे. रातंजनकरांनी स्वतः हे केले असे मी म्हणत नाही. कॉलेजात तबल्याला आबिद हुसेन खाँ होते, सरोदला सखावत हुसेन खाँ होते, म्हणजे उस्तादांना जागा होती. पुढे बेगम अख्तरही तेथे शिकवायला आल्या.

पण एका प्रसंगात त्यांचे नाव थेट येते. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. आकाशवाणीवर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या चाचण्या घेऊन श्रेणी ठरवायचे ठरले आणि परीक्षक मंडळाच्या प्रमुखपदी रातंजनकर आले. गाण्याबरोबर शास्त्राची माहितीही तपासली जाई. ज्या उस्तादाच्या आज्याने राग बांधला, त्याला वादी-संवादी विचारायचे! कलाकार संतापले, देशभर ओरड झाली. कॉलेजच्या बाकावर चाळीस मिनिटे देणारा प्रेमळ मास्तर अनेकांना तेथे कोरडा तपासनीस वाटला. मला दोन्ही बाजू कळतात. मर्जी नको असेल तर नियम हवा, आणि नियम आला की अर्जातल्या रकान्यात न बसणारा माणूस उभाच राहतो. तीच मोजपट्टी ते त्याच सुमारास रेडिओ सिलोनच्या कलाकारांसाठीही घेऊन गेले होते.

त्यांचा शेवटचा मोठा मुक्काम खैरागड. तेव्हा मध्य प्रदेशात, आता छत्तीसगडात. राजा बिरेंद्र बहादूर सिंह आणि राणी पद्मावती देवी यांनी लहानपणीच गेलेल्या मुलीच्या, इंदिरेच्या, स्मरणार्थ आपला राजवाडा दिला आणि १९५६ साली इंदिरा कला संगीत विद्यापीठ उभे राहिले. केवळ संगीत आणि कला यांसाठी आख्खे विद्यापीठ, तेही आडगावात. पुढच्या वर्षी रातंजनकर तेथे कुलगुरू म्हणून गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. १९६० पर्यंत ते तेथे होते. भातखंड्यांनी बडोद्याच्या परिषदेच्या काळापासून ज्या राष्ट्रीय संगीत संस्थेचे स्वप्न पाहिले, त्याचा एक तुकडा त्यांच्या शिष्याने कुलगुरूच्या खुर्चीत बसून चालवला. तीनच वर्षे, पण पाया घालण्याची. १९७४ च्या फेब्रुवारीत ते वारले.

ग्वाल्हेरलाही २००८ साली राजा मानसिंह तोमर संगीत व कला विद्यापीठ मिळाले. हजीऱ्यापासून ते काही फार दूर नाही. आता तेथे शिकवायचे तर पात्रता लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत संगीताच्या सहायक प्राध्यापकासाठी रूढ पदव्यांबरोबर एक पर्यायी वाट ठेवलेली आहे: परंपरेने शिकलेला, उत्तम कामगिरीचा कलाकार. त्याच्यासाठी घातलेल्या अटींत नामवंत गुरूंकडे शिकलेले असणे आहे, आपल्या विषयाचे शास्त्र सोदाहरण शिकवता येणे आहे, आणि आकाशवाणीची 'अ' श्रेणीही आहे.