लोखंड गाळणारे आपले पूर्वज

कौंडण्यपूर म्हटले की आपणां वऱ्हाडकरांना रुक्मिणीचे माहेर आठवते. तेथील मातीतून निघालेले लोखंड आठवत नाही. ते लोखंड गाळीत कसे, याचा उलगडा विदर्भातच, नागपूर जिल्ह्यातील नैकुंड येथे होतो. तेथे १९७० च्या दशकातील उत्खननात इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमाराची भट्टी सापडली. लोखंड वितळावयास १५३८ अंश सेल्सियस उष्णता लागते. कोळसा व भाता यांच्या बळावर तेथवर पोचता येत नसे. वितळे ती मळी. ती वाहून गेली की सच्छिद्र लोखंडाचा गोळा उरे. त्याला घणाखाली घट्ट करावे लागे. राजवंशांच्या याद्या आपण पाठ करतो. पण आपल्या काळ्या रानात फाळ चालला तो अशा अनामिकांच्या घामावर. त्यांना वगळून वऱ्हाडचा इतिहास पुरा व्हावयाचा नाही.