‘लिमिटेड’ची पाटी

आजोबांच्या ट्रंकेत मला एका कंपनीचे १९३८ सालचे पत्र सापडले. लालबागच्या गिरणीत राबून साठवलेले चारशे रुपये त्यांनी त्या कंपनीत ठेव म्हणून ठेवले होते. कंपनी बुडाली, पैसेही बुडाले. “शेठचा बंगला उभा आहे, पैसे जातील कुठे?” असे आजोबा म्हणत, ही घरातली आठवण. पत्राच्या माथ्यावर शेठचे नाव होते आणि नावाच्या शेवटी इंग्रजीत एक शब्द : ‘लिमिटेड’. आजोबांना इंग्रजी येत नव्हते.

तो शब्द शोभेचा नव्हता. १८५५ साली ब्रिटिश पार्लमेंटने भागधारकांची जबाबदारी त्यांच्या शेअरच्या रकमेपुरती मर्यादित केली. कंपनी बुडाली तरी त्यांच्या घरादाराला धक्का लागणार नव्हता. या सवलतीच्या बदल्यात घातलेल्या अटींपैकी एक : नावाअखेर ‘लिमिटेड’ लिहा आणि ते नाव कचेरीबाहेर व कागदपत्रांवर दिसू द्या. पैसे देणाऱ्याने आधीच सावध व्हावे, हा हेतू. ही अट कडक होती. १८५८ च्या ‘पेनरोज विरुद्ध मार्टिर’ खटल्यात कंपनीवर काढलेल्या हुंडीत ‘लिमिटेड’ हा शब्द राहून गेला होता. ती स्वीकारणाऱ्या सेक्रेटरीला रक्कम स्वतःच्या खिशातून भरावी लागली.

मर्यादित जबाबदारीचे तत्त्व हिंदुस्थानात १८५७ च्या कायद्याने आले. पुढे १९१३ च्या कंपनी कायद्याचे कलम ७३ वाचताना मी थबकलो. पाटी इंग्रजी अक्षरांत हवी. नोंदणीकृत कचेरी हायकोर्टाच्या मूळ दिवाणी हद्दीबाहेर असेल, तर देशी भाषेच्या अक्षरांतही हवी. म्हणजे साताऱ्याच्या कंपनीला देशी अक्षरे सक्तीची, मुंबईच्या कंपनीला नाहीत! पत्रांवर तर सर्वत्र इंग्रजी अक्षरेच पुरेशी होती. फोर्टातल्या त्या कंपनीने पाटीचा कायदा तंतोतंत पाळूनही आजोबांना इशारा मिळाला नसता.

१९५६ च्या कायद्याने ही उणीव अर्धी भरून काढली. पाटीवर त्या भागात चालणाऱ्या भाषेची अक्षरे सर्वत्र सक्तीची झाली. पत्रांना मात्र ती सक्ती लागली नाही. २०१३ च्या कायद्यातही तसेच आहे. २०२२ साली महाराष्ट्राने दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती करून लहान दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक केली, तेव्हा वाद झाला तो अस्मितेचा. मला आठवला तो पाटीचा जुना हेतू : आत जाणाऱ्याला कळावे, आपण कोणावर विश्वास ठेवतो आहोत.

कंपनी कायद्याने मागितली ती अक्षरे, अर्थ नव्हे. आज देवनागरीत ‘लिमिटेड’ कोणीही वाचतो. सहकारी संस्थांच्या पाट्यांवर तर स्वच्छ ‘मर्यादित’ लिहिलेले असते. पण काय मर्यादित, कोणासाठी, हे ठेव ठेवताना विचारणारे किती? आजोबांना शब्द वाचता आला नाही. आपण तो रोज वाचतो आणि पुढे जातो.