व्यवसाय प्रशिक्षण व मूल्यमापनाची धोरणे आणि कार्यपद्धती

व्यवसाय प्रशिक्षण व मूल्यमापनाची धोरणे आणि कार्यपद्धती म्हणजे एखादे कौशल्य शिकवणाऱ्या किंवा त्याची परीक्षा घेणाऱ्या संस्थेने प्रवेशापासून प्रमाणपत्रापर्यंतचे व्यवहार कोणत्या तत्त्वांनी व कोणत्या क्रमाने करावयाचे, याविषयीचे लिखित नियम होत. महाराष्ट्रात औद्योगिक प्रशिक्षण संस्था (आयटीआय), शिकाऊ उमेदवारी देणारे कारखाने, अल्पमुदतीची कौशल्य केंद्रे आणि ग्रामीण युवकांसाठीचे निवासी प्रकल्प यांना असे नियम लागू असतात. त्यांतील काही केंद्र शासन ठरवते, काही राज्य शासन ठरवते, तर काही संस्थेने स्वतः तयार करावयाचे असतात. प्रमाणपत्राचे मोल या नियमांवर अवलंबून असते. कारण नोकरी देणाऱ्याने उमेदवाराचे काम पाहिलेले नसते, त्याच्यासमोर केवळ कागद असतो. नाशिक जिल्ह्यातील हरसूलसारख्या आदिवासी भागात हे नियम स्थानिक परिस्थितीशी कितपत जुळतात, यावर प्रशिक्षणार्थी परीक्षेपर्यंत पोहोचेल की नाही हेही ठरते.

## संकल्पना

धोरण हे संस्थेची भूमिका सांगते, तर कार्यपद्धती ती भूमिका प्रत्यक्षात आणण्याचा क्रम सांगते. 'प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याचे मूल्यमापन निःपक्षपाती होईल' हे धोरण झाले. प्रात्यक्षिकाचे गुण कोणी द्यावेत, कोणत्या नमुन्यात भरावेत, ते कोणी पडताळावेत, प्रशिक्षणार्थ्याला कधी दाखवावेत आणि केलेले काम किती काळ जपून ठेवावे, ही कार्यपद्धती होय. कार्यपद्धतीवाचून धोरण ही केवळ घोषणा राहते. धोरणावाचून कार्यपद्धती ही कारण न कळता पाळली जाणारी रीत होते.

मूल्यमापनाच्या बाबतीत अनेक देशांत चार कसोट्या मान्य आहेत: निष्पक्षता, लवचिकता, वैधता आणि विश्वसनीयता. ऑस्ट्रेलियातील नोंदणीकृत प्रशिक्षण संस्थांच्या मानकांत या कसोट्यांबरोबरच पुराव्याचेही निकष दिलेले आहेत. पुरावा वैध, पुरेसा, अस्सल आणि अलीकडचा असावा, असे ते निकष आहेत. शैक्षणिक संस्थांच्या व्यवस्थापनासाठी आयएसओ २१००१ हे आंतरराष्ट्रीय मानक २०१८ साली प्रसिद्ध झाले. जर्मनीच्या दुहेरी प्रशिक्षण पद्धतीत प्रशिक्षण कारखाना व व्यवसाय शाळा देतात, मात्र अंतिम परीक्षा उद्योग व वाणिज्य मंडळासारखी तिसरी संस्था घेते. शिकवणारा आणि पारखणारा वेगळा असावा, हे तत्त्व या पद्धतीच्या मुळाशी आहे.

## महाराष्ट्रातील नियामक चौकट

स्वातंत्र्यानंतर केंद्र शासनाने १९५० साली शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली. तिच्यातून देशभर औद्योगिक प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. अभ्यासक्रम व प्रमाणपत्रे यांत एकवाक्यता यावी म्हणून १९५६ मध्ये राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद स्थापन झाली. कारखान्यातील प्रशिक्षणास कायद्याचा आधार शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ ने दिला. या अधिनियमात २०१४ मध्ये महत्त्वाच्या सुधारणा झाल्या.

महाराष्ट्रात व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय १९८४ मध्ये तंत्रशिक्षण संचालनालयापासून वेगळे झाले. राज्यातील शासकीय व खासगी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे प्रवेश व देखरेख हे संचालनालय पाहते. अल्पमुदतीच्या योजनांसाठी महाराष्ट्र राज्य कौशल्य विकास सोसायटी २०११ मध्ये स्थापन झाली. २०१५ मध्ये राज्यात कौशल्य विकासासाठी स्वतंत्र विभाग अस्तित्वात आला.

केंद्राने २७ डिसेंबर २०१३ रोजी राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखडा अधिसूचित केला. त्यात अर्हतांचे दहा स्तर होते. २०२३ मध्ये सुधारित आराखड्यात ते आठ करण्यात आले. अभ्यासक्रमाला किती तास दिले यापेक्षा प्रशिक्षणार्थी काय करू शकतो, यावर या आराखड्याचा भर आहे. ५ डिसेंबर २०१८ च्या अधिसूचनेने राष्ट्रीय व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण परिषद ही नियामक संस्था निर्माण झाली आणि १ ऑगस्ट २०२० पासून ती कार्यरत झाली. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था व मूल्यमापन करणाऱ्या संस्था यांना ही परिषद स्वतंत्रपणे मान्यता देते.

## कार्यपद्धतीचे प्रमुख घटक

### प्रवेश व माहिती

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे प्रवेश राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने गुणवत्ता व आरक्षणानुसार होतात. जोडारी, वीजतंत्री यांसारख्या बहुसंख्य व्यवसायांना दहावी उत्तीर्ण ही अट असते. काही व्यवसायांना आठवी उत्तीर्ण उमेदवारही पात्र असतात. संस्थेच्या पातळीवरील कार्यपद्धतीत शुल्क, विद्यावेतन, वसतिगृह, हजेरीची अट, परीक्षेचे स्वरूप आणि तक्रारीचा मार्ग यांची माहिती प्रवेशापूर्वी देणे अपेक्षित असते.

### प्रशिक्षण व साधनसामग्री

२०२२ च्या सुधारित अभ्यासक्रमांनुसार एक वर्षाच्या प्रशिक्षणाचे १,२०० तास असतात. त्यांपैकी ८४० तास प्रात्यक्षिकास, २४० तास व्यवसायाच्या सिद्धांतास आणि १२० तास रोजगारक्षमता कौशल्यांस दिलेले आहेत. याशिवाय १५० तासांचे कार्यस्थळावरील प्रशिक्षण किंवा गटप्रकल्प असतो. प्रात्यक्षिकाचा वाटा इतका मोठा असल्यामुळे हत्यारांची देखभाल, कच्च्या मालाची वेळेवर खरेदी, भांडाराच्या नोंदी, वीजपुरवठा आणि कार्यशाळेतील सुरक्षितता यांचे नियम हे थेट शिक्षणाच्या दर्जाशी निगडित असतात. संधाता व्यवसायाच्या तुकडीला इलेक्ट्रोड वेळेवर मिळाले नाहीत, तर अभ्यासक्रम कागदावर पूर्ण होतो, हात मात्र तयार होत नाही.

उद्योगांचा सहभाग वाढवण्यासाठी केंद्राने २००७-०८ पासून १,३९६ शासकीय संस्थांच्या श्रेणीवाढीची सार्वजनिक-खासगी भागीदारी योजना राबवली. तीत उद्योग प्रतिनिधींच्या अध्यक्षतेखालील संस्था व्यवस्थापन समित्यांना अडीच कोटी रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज देण्याची तरतूद होती.

### मूल्यमापन

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मूल्यमापन दोन प्रकारे होते. पहिले वर्षभर चालणारे अंतर्गत मूल्यमापन निदेशक करतात. दुसरी अंतिम परीक्षा, म्हणजे अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा, केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाच्या अधिपत्याखाली होते. उत्तीर्ण होण्यासाठी प्रात्यक्षिकात किमान ६० टक्के व अन्य विषयांत किमान ३३ टक्के गुण आवश्यक असतात. परीक्षेस बसण्यासाठी ८० टक्के हजेरीची अट आहे. यशस्वी प्रशिक्षणार्थ्यास राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. २०१३ पासून लागू असलेली सत्र पद्धती २०१८ मध्ये बदलून पुन्हा वार्षिक पद्धती आणण्यात आली.

अंतर्गत मूल्यमापनात केवळ तयार वस्तू पाहिली जात नाही. सुरक्षिततेचे नियम, हत्यारांची हाताळणी, मापांची अचूकता, मालाची बचत, नीटनेटकेपणा व वक्तशीरपणा यांनाही गुण असतात. कार्यशाळेत केलेले काम, दैनंदिनी, उत्तरपत्रिका, तोंडी परीक्षा, प्रगतिपट आणि प्रकल्प हे पुरावे पुढील परीक्षेपर्यंत जपून ठेवावेत आणि परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेस पडताळणीसाठी द्यावेत, अशी तरतूद अभ्यासक्रमांतच आहे. एखाद्या प्रशिक्षणार्थ्याने गुणांविषयी शंका घेतल्यास हेच पुरावे त्याच्या किंवा निदेशकाच्या बाजूने बोलतात.

अल्पमुदतीच्या योजनांत, उदाहरणार्थ १५ जुलै २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, प्रशिक्षण केंद्र व मूल्यमापन संस्था या वेगवेगळ्या असतात. मूल्यमापक बाहेरून येतो. त्याने स्वतः मूल्यमापनाचे प्रशिक्षण घेतलेले असावे लागते.

### पूर्वज्ञानास मान्यता

औपचारिक शिक्षण न घेता कामातून कौशल्य मिळवलेल्या व्यक्तीची परीक्षा घेऊन तिला प्रमाणपत्र देण्याच्या पद्धतीस पूर्वज्ञान मान्यता म्हणतात. येथे शिकवण्याचा कालावधी अल्प असल्याने सारा भार मूल्यमापनावर येतो. गवंडी, सुतार किंवा विणकर यांची परीक्षा लेखी प्रश्नांवर बेतल्यास ती त्यांच्या कामाची न राहता अक्षरओळखीची होते. म्हणून प्रत्यक्ष काम करून दाखवणे व तोंडी प्रश्न यांना या कार्यपद्धतीत प्राधान्य अपेक्षित असते.

### गुणवत्ता तपासणी

दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना २५ सप्टेंबर २०१४ रोजी सुरू झाली. महाराष्ट्रात ती राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानामार्फत (उमेद) राबवली जाते. या योजनेने केंद्राची उभारणी, निवासव्यवस्था, हजेरी, तपासणी आणि नोकरीनंतरचा पाठपुरावा यांसाठी सविस्तर मानक कार्यपद्धती नमुन्यांसह निश्चित केली. प्रकल्प चालवणाऱ्या संस्थेत गुणवत्ता पथक हे प्रत्यक्ष अंमलबजावणी करणाऱ्या चमूपासून स्वतंत्र असावे, ही तिच्यातील महत्त्वाची तरतूद आहे. संस्थेच्या आतही काम करणारा व तपासणारा एकच नसावा, असा तिचा अर्थ होतो.

### तक्रार व संरक्षण

कामाच्या ठिकाणी महिलांचे लैंगिक छळापासून संरक्षण करणाऱ्या २०१३ च्या अधिनियमानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मुळे प्रवेश व परीक्षेत योग्य सोयी देण्याची जबाबदारी येते. शासकीय संस्थांतील नोंदी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये मागता येतात. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. मूल्यमापनाविरुद्धचे अपील मूळ गुण देणाऱ्या व्यक्तीकडे न जाता तिच्या वरिष्ठाकडे किंवा स्वतंत्र समितीकडे जावे, हा या भागातील सर्वमान्य संकेत आहे.

## आदिवासी भागातील अंमलबजावणी: हरसूल परिसर

हरसूल हे नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर तालुक्याच्या पश्चिम भागातील, गुजरात सीमेजवळचे बाजारपेठेचे गाव आहे. परिसरात कोकणा, वारली व महादेव कोळी समाजाची मोठी वस्ती आहे. भात, नागली व वरई ही पावसाळी पिके निघाल्यावर अनेक कुटुंबे दिंडोरी, निफाड व नाशिककडे द्राक्षबागांत आणि बांधकामांवर मजुरीस जातात. जिल्ह्यातील मोठा औद्योगिक रोजगार मात्र नाशिक शहरालगतच्या सातपूर व अंबड वसाहतींत एकवटलेला आहे. आदिवासी विकास आयुक्तालयाचे मुख्यालय नाशिक येथेच आहे.

या परिस्थितीत राज्यभर एकसारखे असलेले नियम वेगवेगळा परिणाम घडवतात. त्यांतील चार मुद्दे ठळक आहेत.

* हजेरी: स्थलांतराचा हंगाम प्रशिक्षणवर्षाच्या मध्यावर येतो. कुटुंबासोबत गेलेला प्रशिक्षणार्थी ८० टक्क्यांची अट गमावू शकतो. अट शिथिल केल्यास प्रात्यक्षिकाचा सराव कमी पडतो. म्हणून वसतिगृहातील जागा, वेळेवर विद्यावेतन आणि हंगामापूर्वीच दिलेली सूचना हे उपाय अधिक उपयुक्त ठरतात.
* भाषा: कोकणा किंवा वारली बोलणाऱ्या मुलांसाठी प्रमाण मराठी ही दुसरी भाषा असते, आणि तांत्रिक संज्ञा बहुधा इंग्रजीतून येतात. तोंडी परीक्षेत प्रश्न कोणत्या भाषेत विचारावा व उत्तर कोणत्या भाषेतील ग्राह्य धरावे, हे आधी लिहून ठेवले नसेल तर ते परीक्षकाच्या मर्जीवर राहते.
* अंतर व संपर्क: पावसाळ्यात घाटरस्ते व मोबाइल संपर्क खंडित होत असल्यास ऑनलाइन अर्ज, बोटांच्या ठशांवर आधारित हजेरी आणि संगणकीय परीक्षा यांना पर्यायी मार्ग लागतो. यंत्र बंद पडल्यास हजेरीपटावरील स्वाक्षरी कोणी प्रमाणित करावी, एवढा एक नियमही प्रशिक्षणार्थ्याचे वर्ष वाचवू शकतो.
* कागदपत्रे: राखीव जागेसाठी जातवैधता, रहिवास व उत्पन्न यांचे दाखले लागतात. ते मिळवण्यासाठी आश्रमशाळा, ग्रामपंचायत व प्रकल्प कार्यालय यांच्याशी समन्वयाचा टप्पा प्रवेशाच्या कार्यपद्धतीतच धरावा लागतो.

परंपरेने आलेल्या कौशल्यांचा प्रश्न वेगळा आहे. सह्याद्रीच्या या पट्ट्यात बांबूच्या टोपल्या, सुपे व कणग्या विणणारे कारागीर आहेत. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत टोपली, चटई व झाडू विणणाऱ्यांचा समावेश आहे. या योजनेत ग्रामपंचायतीच्या पडताळणीपासून तीन टप्प्यांची छाननी होते. पाच ते सात दिवसांच्या मूलभूत प्रशिक्षणात दररोज ५०० रुपये विद्यावेतन आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. येथे कारागिराची पहिली पारख गावपातळीवर होत असल्याने ग्रामपंचायतीने ठेवलेली नोंद हाच कार्यपद्धतीचा पाया ठरतो.

## टीका व मर्यादा

क्षेत्रीय कौशल्य परिषदांच्या कामकाजाचा आढावा घेण्यासाठी केंद्राने २०१६ मध्ये शारदा प्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने परिषदांमधील हितसंबंधांच्या संघर्षाकडे लक्ष वेधले. मानके ठरवणे, प्रशिक्षणाला मान्यता देणे आणि प्रमाणपत्र देणे ही कामे एकाच वर्तुळात राहिल्यास दर्जाची हमी कमकुवत होते, हा या टीकेचा गाभा आहे. नंतर स्वतंत्र नियामक परिषद स्थापन झाली, ती याच चर्चेच्या पार्श्वभूमीवर.

दुसरा आक्षेप उद्दिष्टांविषयी आहे. निधी प्रशिक्षितांच्या संख्येशी जोडला गेला की तुकडी भरणे व उत्तीर्णांचे प्रमाण उंच ठेवणे याकडे संस्थेचा कल होतो. तिसरा आक्षेप कागदी अनुपालनाचा आहे. दुसऱ्या संस्थेची नियमपुस्तिका जशीच्या तशी स्वीकारल्यास तपासणीच्या दिवशी सर्व नोंदी सापडतात, परंतु निदेशकांना व प्रशिक्षणार्थ्यांना त्यांतील तरतुदी ठाऊक नसतात. हे टाळण्यासाठी नियम तयार करताना निदेशक, प्रशिक्षणार्थी, स्थानिक उद्योजक व पालक यांचे म्हणणे घेणे, नियम मराठीतून दर्शनी भागी लावणे, प्रत्येक दस्तऐवजावर अंमलाचा दिनांक व जबाबदार पदनाम लिहिणे आणि ठरावीक काळाने फेरआढावा घेणे या बाबी आवश्यक मानल्या जातात.

## हेही पहा

* औद्योगिक प्रशिक्षण संस्था
* शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१
* राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखडा
* प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना
* त्र्यंबकेश्वर तालुका